दट्ट्याचा दाब आणि मोटारीचें बळ

१९१२ सालच्या जून महिन्यांत फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील डीएप या गांवीं मोटारींची एक मोठी शर्यत झाली. दोन दिवस चाललेल्या या शर्यतीचा पल्ला सुमारें १५४० किलोमीटरांचा होता. इटलीच्या फियाट कारखान्यानें पाठविलेल्या मोटारींचें इंजिन १४.१ लिटर मापाचें होतें. इंजिनांत सिलिंडर चारच. तेव्हां एकेका सिलिंडराच्या पोटांत साडेतीन लिटर वायु मावत असे. त्यांच्यासमोर फ्रान्सच्या प्यूजो कारखान्याच्या मोटारी उभ्या राहिल्या. त्यांचें इंजिन ७.६ लिटरांचें, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या जेमतेम निम्मे. मोठें इंजिन म्हणजे मोठें बळ, ही त्या काळची रूढ समजूत होती आणि पहिल्या दिवसाअखेर फियाटचीच एक मोटार आघाडीवर राहिल्यामुळें ती समजूत खरी ठरेल असें दिसलें. ती मोटार पुढें इंधन भरण्याच्या नियमाचा भंग झाल्यावरून बाद झाली. परंतु तिच्या जोडीची दुसरी फियाट शेवटपर्यंत धांवत होती. दुसऱ्या दिवशीं निकाल लागला तेव्हां प्यूजोचा चालक जॉर्ज ब्वालो पहिला आला होता आणि फियाटचा लुई वाग्नर त्याच्या मागून सुमारें तेरा मिनिटांनीं पोंचला होता.

अर्ध्या मापाच्या इंजिनानें दुप्पट मापाच्या इंजिनास कसें मागें टाकलें, या प्रश्नांतच मोटारीच्या बळाचा सारा इतिहास सांठविलेला आहे. मोटारीचें बळ येतें कोठून, तें वाढविण्याच्या वाटा किती, आणि त्यांपैकीं एका वाटेवर मनुष्यजातीस कोणती किंमत मोजावी लागली, याची हकीकत उद्बोधक तशीच खेदजनकही आहे.

प्रथम इंजिनाचें माप म्हणजे काय तें पाहूं. सिलिंडर म्हणजे एका बाजूनें बंद असलेलें नळकांडें. त्यांत दट्ट्या खालींवर सरकतो. खालीं जातांना तो हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण आंत ओढून घेतो. वर येतांना तें दाबतो. ठिणगी पडतांच तें मिश्रण पेटतें व तापलेला वायु दट्ट्यास जोरानें खालीं लोटतो. शेवटीं पुन्हां वर येतांना दट्ट्या जळका वायु झडपेवाटे बाहेर घालवितो. या चार फेऱ्यांपैकीं बळ देणारी फेरी एकच. बाकीच्या तीन तिच्या तयारीसाठीं. दट्ट्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जेवढी जागा व्यापतो, तेवढें त्या सिलिंडराचें माप. सर्व सिलिंडरांच्या मापांची बेरीज म्हणजे इंजिनाचें माप.

आतां इंजिनाचें बळ तीन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असतें, हें सहज ध्यानांत येईल. पहिली गोष्ट इंजिनाचें माप. दुसरी, एका मिनिटांत होणाऱ्या बळाच्या फेऱ्यांची संख्या. आणि तिसरी, बळाच्या फेरींत दट्ट्यावर पडणारा सरासरी दाब. यांपैकीं कोणतीही एक दुप्पट झाली आणि बाकीच्या दोन तशाच राहिल्या, तर बळ दुप्पट होतें. डीएपच्या शर्यतींत फियाटच्या कारागिरांनीं पहिली वाट धरली होती. त्यांचें इंजिन मिनिटास सुमारें १६०० फेरे घेई आणि १९० च्या आसपास अश्वशक्ती देई. प्यूजोचा स्विस आरेखक अर्नेस्ट हेन्री आणि त्याचे शर्यतपटु सहकारी यांनीं दुसरी वाट धरली. त्यांनीं प्रत्येक सिलिंडरास दोनांऐवजीं चार झडपा दिल्या, त्या माथ्यावर तिरप्या बसविल्या आणि त्यांची उघडझांप करण्यास वरच दोन दांडे ठेविले. त्यामुळें इंजिनाचा श्वास मोकळा झाला. मिनिटास सुमारें २२०० फेरे घेऊन तें १४८ च्या आसपास अश्वशक्ती देऊं लागलें. हिशेब केला तर फियाटला एका लिटरामागें साडेतेरा अश्वशक्ती मिळाली, आणि प्यूजोला साडेएकोणीस. शिवाय लहान इंजिन हलकें. तें वाहून नेणारी गाडीही हलकी.

मापाची वाट सर्वांत सोपी असली तरी तिच्यांत एक खोट आहे. इंजिन दुप्पट केलें तर बळ दुप्पट होतें, पण पेट्रोलही दुप्पट लागतें. एका शेर पेट्रोलांतून जेवढें काम पूर्वीं निघत होतें, तेवढेंच आतांही निघतें. त्यावर इंजिनाचें वजन वाढतें, चाकें जाड करावीं लागतात, आणि वाढलेल्या बळाचा कांहीं भाग हें वाढलेलें वजन ओढण्यांतच खर्ची पडतो. ब्रिटनमध्यें तर या वाटेवर सरकारनेंही अडसर घातला. १९२१ पासून तेथें मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड कर बसला. ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नसे. सिलिंडराचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या यांवरून एका सूत्रानें ती काढीत. दट्ट्या किती लांब धांवतो, याला त्या सूत्रांत स्थानच नव्हतें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. इंग्रज कारखानदार अरुंद व उंच सिलिंडरांचीं इंजिनें करूं लागले. कायद्यांतील एका सूत्रानें एका देशाच्या इंजिनांचा आकार पाव शतक ठरवून टाकला; १९४७ सालीं तो कर गेला तेव्हां कोठें तेथील आरेखकांचे हात मोकळे झाले.

आतां तिसरी वाट पाहूं. दट्ट्या खालच्या टोकास असतांना सिलिंडरांत ५०० घनसेंटिमीटर जागा आहे आणि वरच्या टोकास गेल्यावर १०० उरते, असें समजावें. म्हणजे मिश्रण आपल्या मूळ आकाराच्या पांचव्या हिश्श्यांत दाबलें जातें. या पांचास दाबप्रमाण, अथवा कारखान्यांतील भाषेंत कॉम्प्रेशन रेशो, म्हणतात. सिलिंडराचा माथा ठेंगणा करून वर ५० घनसेंटिमीटरच जागा ठेविली, तर दाबप्रमाण नऊ होईल. यांत इंजिनाचें माप वाढत नाहीं, फेरे वाढत नाहींत, पेट्रोलही अधिक लागत नाहीं; तरी बळ वाढतें.

हें कसें, अशी शंका येथें येण्याजोगी आहे. दाबण्यासाठीं जें बळ खर्च होतें, तेंच उलट मिळत असेल, मग नफा कोठला? याचें उत्तर असें कीं, जळलेला वायु जितका पसरेल तितकें त्याच्यापासून काम मिळतें. जेथें तो पांचपटच पसरूं शकतो, तेथें तो पुष्कळसा तप्त व दाबलेला असतांनाच झडपेवाटे बाहेर पडतो; त्याची उष्णता वाया जाते. जेथें तो नऊपट पसरतो, तेथें बाहेर पडण्यापूर्वीं त्याची अधिक उष्णता दट्ट्यास ढकलण्यांत खर्च झालेली असते. जास्त दाबणें म्हणजे पुढें जास्त पसरूं देणें. शास्त्रीय गणितानें, घर्षणादि सर्व तोटे बाजूस ठेवून, दाबप्रमाण चार असतां इंधनांतील उष्णतेचा शेंकडा ४३ भाग कामास येऊं शकतो. आठ असतां ५६. सोळा असतां ६७. प्रत्यक्षांत यापेक्षां पुष्कळच कमी पदरांत पडतें. पण प्रमाण हेंच राहतें. चाराचे आठ केल्यास तेवढ्याच पेट्रोलांत सुमारें एकतृतीयांश काम अधिक मिळतें. आठाचे सोळा केल्यास मात्र एकपंचमांशाहूनही कमी वाढ होते. म्हणजे या वाटेचा पहिला टप्पाच सर्वांत लाभाचा.

हें तत्त्व मोटारीच्या जन्मापूर्वींच ज्ञात झालें होतें. उष्णतेपासून काम कसें मिळतें याचा पाया फ्रान्सच्या सादी कार्नो यानें १८२४ सालीं घातला. १८६० सालीं पॅरिसमध्यें एतिएन लेन्वार यानें चालविलेल्या वायूच्या इंजिनांत मिश्रण दाबण्याची सोयच नव्हती. तें इंजिन इंधन भरमसाट खाई आणि काम अल्प करी. १८६२ सालीं आल्फोन्स बो द रोशा या फ्रेंच इंजिनिअरानें पेटविण्यापूर्वीं मिश्रण शक्य तितकें दाबावें, असें लिहून ठेविलें. परंतु त्यानें इंजिन बांधलें नाहीं. तें बांधलें जर्मनीच्या निकोलस ऑटोनें, १८७६ सालीं. चार फेऱ्यांचें तें इंजिन मिश्रणास अडीचपटीच्या आसपासच दाबीत असे. तरी त्यानें लेन्वारच्या इंजिनास बाजारांतून उठविलें. दहा वर्षांनीं, १८८६ मध्यें, बो द रोशाच्या जुन्या लेखावर बोट ठेवून जर्मन न्यायालयानें ऑटोचें पेटंट रद्द केलें. आणि योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या आरंभीं कार्ल बेन्झ यानें आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट मागितलें. बेन्झच्या त्या इंजिनाचें माप ९५४ घनसेंटिमीटर होतें, आणि त्याचें बळ पाऊण अश्वशक्ती. आज तेवढ्याच मापाचें इंजिन सहज साठ-सत्तर अश्वशक्ती देतें.

मग ऑटोनंतर सर्वांनीं दाबप्रमाण भराभर कां वाढविलें नाहीं? हेन्री फोर्डची १९०८ सालची प्रसिद्ध टी मोटार घ्यावी. तिचें इंजिन २.९ लिटरांचें; बळ अवघें वीस अश्वशक्ती; दाबप्रमाण चार-साडेचार. फोर्डच्या कारखान्यांत हुशारीची वाण नव्हती. वाटेंत एक भिंत उभी होती, आणि तिचें नांव ठोका.

घाट चढणाऱ्या मोटारीच्या चालकास हा ठोका चांगला परिचित असतो. चढावर गिअर न बदलतां पेट्रोलचा पाय दाबला कीं इंजिनांतून कोणी हातोडीनें लोखंडावर टिचक्या मारीत असल्यासारखा आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, गाडी नॉकिंग करते. याचें कारण असें. ठिणगीपासून निघालेली ज्वाळा मिश्रणांतून एका बाजूकडून दुसरीकडे पसरत जाते. तिच्या पुढें राहिलेलें न जळलेलें मिश्रण, मागील तप्त वायूच्या रेट्यानें, आणखी दाबलें जाऊन तापतें. तें फारच तापलें तर ज्वाळा पोंचण्याची वाट न पाहतां सगळें एकदम आपोआप पेटतें. त्या धक्क्यानें सिलिंडर घणघणतो, बळ घटतें, आणि हें फार वेळ चाललें तर दट्ट्या फुटतो किंवा वितळतो. दाबप्रमाण जितकें जास्त, तितका हा ठोका लवकर. तेव्हां इंजिनांत किती दाब द्यावा, हें आरेखकाच्या इच्छेवर न राहतां सिलिंडरांत कोणतें इंधन जळत आहे यावर ठरूं लागलें.

या भिंतीचा अभ्यास प्रथम पद्धतशीरपणें केला तो इंग्लंडांत. केंब्रिज येथें बर्ट्रम हॉपकिन्सन या प्राध्यापकाच्या हाताखालीं हॅरी रिकार्डो नांवाचा तरुण काम करीत होता. सिलिंडराचा एखादा भाग लाल तापून मिश्रण ठिणगीपूर्वींच पेटतें हें एक दुखणें, आणि ठोका हें दुसरेंच, हा भेद या गुरुशिष्यांच्या कामांतून स्पष्ट झाला. त्या काळीं पेट्रोलची प्रत त्याच्या हलकेपणावरून ठरत असे. हलकें तें चांगलें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत रिकार्डोनें निरनिराळीं पेट्रोलें तपासलीं, तेव्हां बोर्निओच्या विहिरींचें जड पेट्रोल ठोक्यास सर्वांत अधिक दाद न देणारें निघालें. हलकेपणाच्या कसोटीस तें उतरत नसल्यामुळें बाजारांत त्याला मोल नव्हतें! पुढें १९१९ च्या सुमारास शेल कंपनीच्या साहाय्यानें रिकार्डोनें एक विलक्षण इंजिन बनविलें. तें चालू असतांनाच त्याचा सिलिंडर वर-खालीं सरकवून दाबप्रमाण बदलतां येत असे. त्यामुळें प्रत्येक इंधन कोणत्या दाबाला ठोका देऊं लागतें, याचें कोष्टकच तयार झालें. इतकेंच करून तो थांबला नाहीं. स्वस्त मोटारींत झडपा सिलिंडराच्या बाजूस असत आणि माथा सपाट व लांबट असे. ज्वाळेस दूरवर चालावें लागे आणि तोंवर टोकाचें मिश्रण आपोआप पेटे. रिकार्डोनें माथ्याचा आकार असा बदलला कीं, दट्ट्या वर येतांच मिश्रण जोरानें ढवळलें जाऊन ठिणगीपाशीं गोळा व्हावें. ज्वाळेची वाट तोकडी झाली, तिचा वेग वाढला, आणि त्याच पेट्रोलावर अधिक दाब देतां येऊं लागला. ही भिंत बुद्धीनें सरकविण्याची रीत होती.

अमेरिकेंत दुसरी रीत निघाली. मोटारीस विजेचा स्टार्टर देणारा चार्ल्स केटरिंग याच्यावर असा आळ होता कीं, त्याच्या विजेच्या ठिणगीमुळेंच इंजिनें ठोका देतात. हा आळ धुऊन काढण्यासाठीं त्यानें ओहायो प्रांतांतील डेटन गांवच्या आपल्या प्रयोगशाळेंत थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरास १९१६ सालीं कामास लाविलें. रसायनशास्त्र हा कांहीं मिजलीचा विषय नव्हता. बर्फांतही लवकर फुलणाऱ्या एका वेलीचीं पानें तांबूस असतात; तेव्हां तांबडा रंग उष्णता अधिक शोषीत असावा आणि पेट्रोल तांबडें केलें तर तें नीट जळेल, असा एक भोळा तर्क दोघांनीं केला. तेलांत विरघळणारा तांबडा रंग हाताशीं नव्हता म्हणून मिजलीनें आयोडीन घातलें. आणि ठोका खरोखरच कमी झाला. दुसरे तांबडे रंग आणून घातले तेव्हां मात्र कांहींच झालें नाहीं. तर्क खोटा, पण फळ खरें! गुण रंगाचा नसून आयोडिनाचा होता. मग एकामागून एक पदार्थांची परीक्षा सुरू झाली. टेल्युरियमचे क्षार गुणकारी निघाले, पण त्यांची लसणीसारखी दुर्गंधि प्रयोगशाळेंतील माणसांच्या अंगास व कपड्यांस कित्येक दिवस सोडीना. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचें एक द्रवरूप संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलांत मिसळलें गेलें. गॅलनभर पेट्रोलांत तीन घनसेंटिमीटर एवढी मात्रा पुरे होती. ठोका थांबला.

१९२३ च्या फेब्रुवारींत डेटन येथें हें शिसेयुक्त पेट्रोल विकण्यास आरंभ झाला, आणि त्याच वर्षीं इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत पहिल्या तिन्ही मोटारींनीं तें वापरलें. एक अडचण उरली होती. शिशाचें कीट झडपांवर व ठिणगीच्या टोकांवर सांचत असे. त्यावर उपाय म्हणून ब्रोमिनचें एक संयुग त्यांत मिसळण्यांत आलें. त्यामुळें शिसें वायुरूप होऊन धुराबरोबर बाहेर पडूं लागलें. इंजिन स्वच्छ राहिलें. तें शिसें गेलें कोठें, हा प्रश्न कारखान्याच्या हिशेबांत आला नाहीं.

शिसें हें विष आहे, ही गोष्ट कांहीं नवी नव्हती. छापखान्यांतील जुळारी आणि रंगकाम करणारे लोक यांचे हाल वैद्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. खुद्द मिजली १९२३ च्या आरंभीं शिशाच्या बाधेनें आजारी पडून हवापालटासाठीं फ्लॉरिडास गेला होता. १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सी प्रांतांतील बेवे येथील तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यांत, जेथें हें संयुग तयार होत होतें, तेथें कामगारांना भ्रम होऊं लागला. कांहींना न दिसणारे कीटक अंगावर आल्याचा भास होई. कांहींना आवरण्यासाठीं बांधून ठेवावें लागलें. थोड्याच दिवसांत पांच कामगार मरण पावले आणि अनेकांना रुग्णालयांत न्यावें लागलें. त्या वेळीं पत्रकारांसमोर मिजलीनें तें संयुग आपल्या हातांवर ओतून दाखविलें आणि मिनिटभर त्याचा वास घेतला.

१९२५ च्या मे महिन्यांत वॉशिंग्टन येथें सरकारनें परिषद भरविली आणि विक्री थांबविण्यांत आली. येल विद्यापीठाचा शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन आणि हार्वर्डची डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनीं इशारा दिला कीं, खरा धोका कारखान्यांतील मृत्यूंपेक्षां रस्त्यांवरील धुळीचा आहे. हें विष हळूहळू साचेल आणि त्याची बाधा लक्षांत येईल तेव्हां फार उशीर झालेला असेल. नंतर नेमलेल्या समितीनें सुमारें अडीचशें माणसांची थोड्या महिन्यांपुरती पाहणी केली आणि १९२६ च्या जानेवारींत बंदीस पुरेसें कारण नाहीं असा निर्णय देऊन पुढें तपास चालू ठेवण्याची शिफारस केली. विक्री पुन्हां सुरू झाली. पुढील तपास दीर्घ काळ त्याच धंद्याच्या पैशावर आणि त्याच्याच माणसांकडून होत राहिला. अल्कोहोल मिसळल्यानेंही ठोका थांबतो, हें रिकार्डो आणि मिजली या दोघांनाही माहीत होतें. परंतु अल्कोहोलावर पेटंट घेतां येत नव्हतें, आणि तें पुष्कळ घालावें लागे.

इंजिनांचा भाग मात्र भरभराटीचा झाला. १९२७ च्या सुमारास ग्रॅहम एडगर यानें इंधनाची प्रत मोजण्यास ऑक्टेनची मोजपट्टी दिली. ठोक्यास चांगला विरोध करणाऱ्या एका शुद्ध इंधनास शंभर आणि लगेच ठोका देणाऱ्या दुसऱ्यास शून्य. जसजसा ऑक्टेनचा आंकडा चढूं लागला, तसतसें दाबप्रमाण चढलें. फोर्डच्या १९३२ च्या आठ सिलिंडरांच्या मोटारीचें इंजिन ३.६ लिटरांचें आणि दाबप्रमाण साडेपांच. बळ ६५ अश्वशक्ती. टी मोटारीपेक्षां माप सवापट, बळ मात्र सवातीनपट. विमानांत तर हा आंकडा जीवनमरणाचा ठरला. १९४० च्या ब्रिटनच्या आकाशयुद्धांत रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनास शंभर ऑक्टेनचें पेट्रोल मिळूं लागलें. इंजिन तेंच २७ लिटरांचें, दाबप्रमाणही सहाच. पण पंख्यानें कोंडून भरलेली हवा आतां ठोक्याची भीति न बाळगतां पुष्कळ वाढवितां आली, आणि सुमारें हजार अश्वशक्तीचें इंजिन प्रसंगीं तेराशें देऊं लागलें.

युद्धानंतर वृद्ध केटरिंगनें १९४७ मध्यें साडेबारा दाबप्रमाणाचें एक प्रायोगिक इंजिन अमेरिकन इंजिनिअरांपुढें मांडलें. दोन वर्षांनीं कॅडिलॅक मोटारीनें आपलें ५.७ लिटरांचें १५० अश्वशक्तीचें इंजिन टाकून ५.४ लिटरांचें नवें घेतलें. तें लहान व बरेंच हलकें असून १६० अश्वशक्ती देत होतें. लहान इंजिनांतून मोठें बळ काढण्याचा हा खरा मार्ग होता. परंतु मोह आवरेना. पुढील वीस वर्षांत अमेरिकेंत मापही वाढलें आणि दाबप्रमाणही वाढलें. १९७० च्या एका कॅडिलॅकचें इंजिन ८.२ लिटरांचें, दाबप्रमाण दहा आणि जाहीर केलेलें बळ ४०० अश्वशक्ती इतकें होतें.

याच काळांत हेंडरसनचा इशारा खरा ठरविणारा पुरावा भलत्याच वाटेनें पुढें आला. क्लेअर पॅटरसन हा रसायनज्ञ पृथ्वीचें वय काढण्यासाठीं दगडांतील शिशाचें मोजमाप करीत होता. तें वय त्यानें साडेचार अब्ज वर्षांहून थोडें अधिक, असें निश्चित केलें. पण मोजतांना प्रत्येक भांड्यांत, हवेंत, स्वतःच्या केसांतही त्याला शिसें सांपडूं लागलें. समुद्राचें पाणी आणि ग्रीनलंडचा जुना बर्फ तपासून त्यानें दाखविलें कीं, हा सारा अलीकडील माणसाचा प्रताप आहे. त्यानें तें प्रसिद्ध केलें आणि शिशाच्या धंद्याचा रोष ओढवून घेतला. १९७९ सालीं हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरानें मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दांतांतील शिसें मोजून, तें जितकें अधिक तितकी मुलांची बुद्धि व लक्ष उणें, असें दाखविलें. धूर स्वच्छ करणारें उत्प्रेरकाचें यंत्र १९७५ पासून अमेरिकन मोटारींत आलें. शिसें त्या यंत्रासही निकामी करीत असल्यामुळें बिनशिशाचें पेट्रोल अपरिहार्य झालें. १९७६ ते १९९१ या पंधरा वर्षांत अमेरिकन लोकांच्या रक्तांतील शिसें तीनचतुर्थांशाहून अधिक घटलें. विष किती खोल मुरलें होतें, हें तें ओसरल्यावर कळलें.

शिसें गेलें तशी दाबप्रमाणाची भिंत पुन्हां जवळ आली. तें ८.२ लिटरांचें कॅडिलॅक इंजिन १९७६ सालीं साडेआठ दाबप्रमाणावर १९० अश्वशक्तीचेंच उरलें. यांतील कांहीं घट मोजण्याची पद्धत अधिक प्रामाणिक झाल्यामुळें होती, हें खरें. तरी उसन्या बळाचा फुगा फुटला, हेंही तितकेंच खरें.

भारतांत बिनशिशाचें पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत उत्प्रेरक यंत्राच्या नव्या मोटारींसाठीं मिळूं लागलें, आणि २००० सालच्या फेब्रुवारीपासून सर्व देशांत तेंच राहिलें. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या, १०८९ घनसेंटिमीटरांच्या व चाळीसेक अश्वशक्तीच्या प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून कित्येक दशकें धांवल्या. त्यांतील बहुतेक काळ त्यांच्या धुरांतून हेंच शिसें दादरच्या आणि लालबागच्या चाळींतील मुलांच्या श्वासांत जात होतें. जगांतील शेवटचा देश, अल्जीरिया, यानें मोटारींचें शिसेयुक्त पेट्रोल बंद केलें तें २०२१ सालीं. डेटनच्या पंपापासून तेथपर्यंत अठ्ठ्याण्णव वर्षें लोटलीं.

या अवधींत इंजिनविद्या पुन्हां रिकार्डोच्या वाटेवर आली होती. माथ्याचा आकार, मिश्रण ढवळण्याची रीत, पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारून तें थंड राखणें, आणि ठोक्याची चाहूल लागतांच ठिणगी उशिरा पाडणारें विजेचें उपकरण, यांच्या जोरावर २०११ सालीं जपानच्या माझदा कारखान्यानें १.३ लिटरांच्या लहान मोटारीस चौदा दाबप्रमाण दिलें, आणि तेंही शिशाच्या एका थेंबावांचून. जें काम मिजलीनें एका बाटलींतल्या द्रवानें एका दिवसांत साधलें, तेंच विवेकानें साधण्यास जवळजवळ शतक लागलें.

मिजली १९४४ सालीं वारला, आणि आपल्या शोधाचा शेवट त्यानें पाहिला नाहीं. रिकार्डो १९७४ पर्यंत जगला. दोघांनींही एकाच भिंतीवर घाव घातला होता. एकानें ज्वाळेची वाट समजून घेतली; दुसऱ्यानें ती वाट न समजतांच औषध शोधलें. इंजिनास दोन्ही उपाय सारखेच मानवले. माणसास मात्र त्यांतील एकच मानवला. आणि तो कोणता, हें इंजिनाच्या अश्वशक्तींत मोजतां येत नाहीं.